सकाळी डिस्क गायब, दुपारी हजर: पीसी सुरू होताना हार्डवेअर का दिसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षं जुना असेंबल्ड पीसी. वर्षभरापूर्वी त्यात एम.२ एसएसडी (बोर्डावरच्या छोट्या स्लॉटमध्ये बसणारी, फिरता भाग नसलेली डिस्क) बसवून तिच्यावर नव्यानं विंडोज टाकलं. जुनी १ टीबीची साटा हार्ड डिस्क (बोर्डाला केबलनं जोडलेली) फोटो आणि कागदपत्रांसाठी आतच ठेवली. गेले काही आठवडे सकाळी पहिल्यांदा पीसी लावला की काळ्या स्क्रीनवर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढंच येतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) जाऊन पाहिलं तर एसएसडी दिसते, हार्ड डिस्क दिसत नाही. दोन-तीनदा रीस्टार्ट केलं की दोन्ही दिसतात, विंडोज सुरू होतं आणि दिवसभर काही तक्रार नसते. दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क गेली, बदला. बदलावी का? आणि विंडोज एसएसडीवर आहे, तर हार्ड डिस्क नसली म्हणून पीसी का अडावा?

डिस्कवर लगेच पैसे घालू नका. लक्षणं वाचून दोन वेगळे दोष दिसतात, आणि त्यातला एक तर वर्षभरापूर्वी विंडोज टाकलं त्या दिवसापासून तिथं आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, म्हणजे पुढचा निम्मा गोंधळ टळेल. जे उपकरण कायमचं गायब असतं आणि जे अधूनमधून गायब होतं, त्यांची कारणं सहसा वेगळी असतात. कधीच दिसत नसेल तर सेटिंग, चुकीचा स्लॉट किंवा न जुळणारा भाग पाहायचा. कधी दिसतं, कधी नाही, असं असेल तर वीज, संपर्क किंवा वेळ पाहायची. तुमचा प्रकार दुसरा आहे. शिवाय तो संदेश विंडोजचा नाही, बायोसचा आहे. विंडोजची पहिली फाइल वाचली जाण्याआधीच गाडी थांबली आहे. त्यामुळे ड्रायव्हर, अपडेट, व्हायरस या दिशेला वेळ घालवू नका.

एसएसडी असूनही पीसी का अडतो

विंडोज इन्स्टॉल करताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील आणि जुन्या डिस्कवर आधीपासून बूट पार्टिशन (पीसी सुरू करून देणाऱ्या फाइल्सचा कप्पा) असेल, तर इन्स्टॉलर बऱ्याचदा तेच पार्टिशन वापरतो. विंडोजचं फोल्डर एसएसडीवर जातं, पण बूट मॅनेजरची फाइल जुन्या हार्ड डिस्कवरच्या १०० एमबीच्या छोट्या कप्प्यात राहते. घर नवीन, पण किल्ली जुन्या घरात. म्हणून एसएसडीवर नवं विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवायच्या असतात. दुकानात घाईत हे राहून जातं.

खात्री करणं सोपं आहे. पीसी चालू असताना विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’ असं लिहिलेला कप्पा कोणत्या ओळीत आहे ते पाहा. तो १ टीबीच्या डिस्कच्या ओळीत असेल आणि एसएसडीच्या ओळीत नसेल, तर निदान पक्कं. (खूप जुन्या पद्धतीनं, लेगसी मोडमध्ये इन्स्टॉल केलं असेल तर त्या जागी ‘सिस्टम रिझर्व्ह्ड’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ असे शब्द दिसतील. अर्थ तोच.)

आता एसएसडीला तिची स्वतःची किल्ली करून द्यायची. आधी एसएसडीच्या नावावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘व्हॉल्यूम्स’ असं जाऊन पार्टिशन स्टाइल (डिस्कची विभागणी नोंदायची पद्धत) जीपीटी आहे ना ते पाहा. एमबीआर असेल तर पुढच्या पायऱ्या चालणार नाहीत. तिथं आधी डिस्क जीपीटीमध्ये बदलावी लागते, आणि ते बॅकअप घेतल्याशिवाय करायचं नाही. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते तात्पुरतं स्थगित करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केलं असेल तर हे एन्क्रिप्शन तुमच्या नकळत चालू झालेलं असू शकतं. बायोसमध्ये हात घालण्याआधीही हीच खबरदारी घ्या.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’नं ४०० एमबी मोकळी करा. स्टार्टवर राइट क्लिक करून अ‍ॅडमिन अधिकारांचं टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि डिस्कपार्ट हे डिस्क विभागायचं साधन सुरू करा. ‘लिस्ट डिस्क’ या आज्ञेनं यादी येईल. आकारावरून एसएसडीचा क्रमांक ओळखा आणि ‘सिलेक्ट डिस्क’पुढे तोच क्रमांक द्या. इथं क्रमांक चुकला तर फोटोंच्या डिस्कवर कारभार होईल, म्हणून दोनदा पाहा. मग ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=३००’, त्यानंतर ‘फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२’, मग ‘असाइन लेटर=एस’ आणि ‘एक्झिट’. शेवटी टर्मिनलमध्ये ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. या सगळ्या आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. बूट फाइल्स यशस्वीपणे तयार झाल्या, असं उत्तर आलं पाहिजे.

पीसी बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढा आणि फक्त एसएसडीवर पीसी सुरू करून पाहा. बायोसच्या बूट यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नावापुढे आता एसएसडीचं नाव आलं पाहिजे. तो पर्याय पहिल्या क्रमांकावर घ्या. एवढं झालं की हार्ड डिस्क रुसली तरी पीसी अडणार नाही. जुन्या डिस्कवरचा तो छोटा कप्पा तसाच राहू द्या, कुणाला त्रास देत नाही.

आता डिस्क का रुसते ते.

गार असताना आणि गरम असताना

दिवसाच्या पहिल्या सुरुवातीला दोष, रीस्टार्टला नाही, हे लक्षण फार बोलकं आहे. ३.५ इंची हार्ड डिस्कच्या थाळ्या शून्यापासून पूर्ण वेगात यायला साधारण ८ ते १० सेकंद घेतात. रीस्टार्ट करताना डिस्कची वीज तुटत नाही, थाळ्या फिरतच असतात, म्हणून ती बायोसला लगेच उत्तर देते. थंड सुरुवातीला मात्र बायोस घाईत असतो आणि डिस्क अजून उठत असते.

म्हणून पहिला प्रयोग फुकटचा. बायोसमध्ये जा (बहुतेक बोर्डांवर सुरू होताना डिलीट किंवा एफ२), ‘फास्ट बूट’ बंद करा. ‘पोस्ट डिले’ किंवा काही जुन्या बोर्डांवर ‘हार्ड डिस्क प्री-डिले’ असा पर्याय असेल तर तो ५ ते १० सेकंदांवर ठेवा. तीन-चार दिवस सकाळी पाहा. एवढ्यानंच तक्रार थांबली तर डिस्क म्हातारी होत चालली आहे किंवा तिला वीज पुरेशी जोमानं मिळत नाही, यांपैकी एक.

बायोसमधलं ‘फास्ट बूट’ आणि विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यामुळे ‘शट डाउन’ केलेला पीसी खरं तर अर्धवट झोपलेला असतो आणि पुढच्या वेळी जुनी हार्डवेअरची यादी घेऊन उठतो. बायोसमध्ये उपकरण दिसतंय आणि विंडोजमध्ये नाही, पण रीस्टार्टनंतर दिसतं, अशी तक्रार असेल तर संशयित हा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथं जाऊन ती खूण काढता येते. एकदाच तपासायचं असेल तर शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’वर क्लिक करा, तेव्हा पीसी खरोखर पूर्ण बंद होतो.

एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) भाग इथं जरा सविस्तर, कारण पाच वर्षांच्या पीसीत तो मोठा संशयित आहे आणि दुकानात सगळ्यात कमी तपासला जातो. त्यातले कपॅसिटर (वीज साठवून धरणारे भाग) जुने झाले की गार असताना नीट काम देत नाहीत. दोन-तीन वेळा सुरू-बंद झालं की ते थोडे गरम होतात आणि गाडी रुळावर येते. ‘तिसऱ्या वेळी सुरू होतो’ ही तक्रार ऐकली की म्हणूनच आधी एसएमपीएसकडे पाहावं. ३.५ इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि सुरू होताना साधारण २ अँपिअर ओढते. एसएसडीला मोटर नाही, ती १२ व्होल्टवर अवलंबून नाही. एसएसडी नेहमी दिसते आणि हार्ड डिस्कच गायब होते, हेही याच्याशी जुळतं.

मोजायला २० व्होल्ट डीसीवर लावलेला साधा मल्टिमीटर पुरतो. एसएमपीएसच्या मोकळ्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरमध्ये काळी प्रोब काळ्या तारेला आणि लाल प्रोब पिवळ्या तारेला. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट: ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवं. लाल तार म्हणजे ५ व्होल्ट: ४.७५ ते ५.२५. हे माप सकाळी, पीसी गार असताना, बटण दाबल्या क्षणापासून घ्यायचं. दुपारी चालत्या पीसीवर १२.०१ दिसलं म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. सुरुवातीच्या क्षणी आकडा ११ च्या आसपास घसरून परत वर येत असेल तर चोर सापडला. उलट माप बरोबर आलं तरी साधा मीटर सूक्ष्म थरथर दाखवू शकत नाही, त्यामुळे शंका उरली तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून दोन सकाळी पाहणं हाच खरा निकाल. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या आसपास भार धरून असू शकतो.

केबल

साटाची लाल डेटा केबल ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त वेळा सुटलेला आरोपी. या कनेक्टरची रचना साधारण ५० वेळा काढ-घाल सोसेल एवढ्याच हिशेबानं केलेली असते. क्लिप नसलेली केबल कॅबिनेटच्या पंख्याच्या थरथरीनं हळूहळू सैल होते. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यानंतर संपर्कावर गंज चढतो तो वेगळाच.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि हार्ड डिस्कचा तक्ता उघडा. ‘सी७’ या ओळीत सीआरसी चुकांची संख्या असते. डिस्क आणि बोर्ड यांच्यात पाठवलेला डेटा वाटेत बिघडला की ती वाढते, म्हणजे बोट केबलकडे आहे. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे तो शून्य नाही म्हणून घाबरू नका. आज लिहून ठेवा, केबल बदला, आठवड्यानं पाहा. थांबला असेल तर काम झालं. (हे सॉफ्टवेअर आकडे सोळाच्या पायात दाखवतं, त्यामुळे तिथले १० म्हणजे आपले १६. सेटिंगमध्ये दहाच्या पायात बदलता येतं.) त्याच खिडकीत ‘ट्रान्सफर मोड’ पाहा: ‘साटा/६०० | साटा/६००’ हवं. डावीकडे ३०० किंवा १५० दिसत असेल तर जोडणी नीट होत नाही म्हणून बोर्डानं वेग उतरवला आहे.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये सिस्टम लॉग उघडून क्रमांक १२९ आणि १५३ शोधा. १२९ म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रीसेट केलं, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. हे दोन्ही वीज आणि केबलच्या बिघाडात खूप दिसतात. ७ क्रमांक मात्र खराब ब्लॉकचा, तो डिस्कच्या विरोधात जातो.

केबल बदलताना बोर्डावरचं पोर्टही बदला आणि वीजपुरवठ्याचं टोकही दुसरं लावा, पण एका वेळी एकच गोष्ट. तिन्ही एकदम बदललं आणि बरं वाटलं तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही आणि खराब केबल ड्रॉवरमध्ये जाऊन पुढच्या वर्षी परत येईल. मोलेक्सपासून साटा करणारे अडॅप्टर टाळा. विशेषतः ज्यात तारा प्लास्टिकमध्ये एकजीव ओतलेल्या असतात ते आतून शॉर्ट होऊन जळतात.

भिंतीवरचं बटण आणि बोर्डावरचा सेल

आपल्याकडे रात्री पीसी बंद केला की भिंतीवरचं बटणही बंद करायची सवय असते. सवय चांगली आहे, पण तिचा एक परिणाम लक्षात घ्या. बटण चालू असतं तेव्हा बोर्डाचं घड्याळ एसएमपीएसच्या स्टँडबाय विजेवर चालतं. ते बंद केलं की सगळा भार सीआर२०३२ या गोल सेलवर येतो. पाच वर्षांत तो दमतो. मग रात्रीतून बायोसची सेटिंग्ज पुसली जातात आणि सकाळी बोर्ड कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर उठतो: बूटचा क्रम बदललेला, कधी साटाचा मोडही (बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलतो ते) बदललेला.

तुमच्या बाबतीत हा दोष आहे का ते ओळखायची खूण म्हणजे तारीख-वेळ. दोष आला त्या सकाळी बायोसमधलं घड्याळ मागे पडलेलं असेल तर सेल. घड्याळ बरोबर असेल तर सेल निर्दोष. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर असतो. २.८ च्या खाली गेला की बदला. बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साटा मोड तर हमखास, कारण विंडोज ज्या मोडमध्ये इन्स्टॉल झालं त्याऐवजी दुसरा लागला की निळा पडदा आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

कायमचंच गायब असेल तर

तुमची तक्रार ही नाही, पण शीर्षक पाहून आलेल्या निम्म्या लोकांची असेल.

नवी एम.२ बसवली आणि त्याच दिवसापासून एक साटा डिस्क दिसेनाशी झाली, तर काही बिघडलेलं नाही. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्ट यांच्यात एकच वाट वाटून दिलेली असते, एक भरला की दुसरा बंद. कोणते पोर्ट बंद होतात ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये तक्त्यात असतं. केबल दुसऱ्या पोर्टात घाला.

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात साटा एसएसडी पण येते आणि एनव्हीएमई (साटापेक्षा वेगळ्या, वेगवान वाटेनं चालणारी) पण. फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये साटा एम.२ बसते, स्क्रू लागतो, आणि ती कधीच दिसत नाही. सोनेरी टोकाला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एक खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. पण खात्री लेबल वाचूनच. बसवताना तिरकी घालून पूर्ण आत ढकलायची आणि मग खाली दाबून स्क्रू लावायचा. सोनेरी पट्टी बाहेर डोकावत असेल तर ती नीट बसलेली नाही.

इंटेलच्या बी५६० किंवा झेड५९० बोर्डावर १० व्या पिढीचा प्रोसेसर असेल, तर प्रोसेसरजवळचा वरचा एम.२ स्लॉट मेलेलाच असतो. त्याच्या वाटा ११ व्या पिढीच्या प्रोसेसरमधून येतात. एसएसडी परत करायला निघालेल्या कितीतरी लोकांना फक्त खालचा स्लॉट वापरायची गरज असते.

लॅपटॉपवर विंडोज टाकताना इन्स्टॉलर ‘ड्राइव्ह सापडला नाही’ म्हणतो आणि बायोसमध्ये मात्र एसएसडी दिसते: ११ व्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांमध्ये कारण बहुधा व्हीएमडी (एसएसडीचा कारभार इंटेलच्या खास ड्रायव्हरकडे देणारी बायोसमधली सोय). दोन उपाय. उत्पादकाच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’, किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद. दुसरा उपाय कोरं इन्स्टॉलेशन असेल तरच. चालू विंडोजखालून व्हीएमडी काढून घेतलं तर ते सुरू होणार नाही. पुन्हा चालू केलं की ठीक होतं, त्यामुळे घाबरून फॉरमॅट करू नका.

वाय-फाय कार्डातही अशीच एक गंमत आहे. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं अर्धी कार्डात आणि अर्धी इंटेलच्या चिपसेटमध्ये असतात. एएमडीच्या बोर्डावर ती दिसणारच नाहीत. तिथं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यायचं. डेस्कटॉपच्या पीसीआय कार्डावर वाय-फाय चालतं पण ब्लूटूथ गायब, तर कार्डापासून बोर्डावरच्या ९ पिनी यूएसबी हेडरला जाणारी बारीक केबल जोडायची राहिली आहे, कारण ब्लूटूथ यूएसबीवरून चालतं.

ग्राफिक्स कार्ड दिसत नसेल तर मॉनिटरची केबल कार्डात आहे की बोर्डात, हे आधी पाहा. हसू नका, पहिल्या पाच मिनिटांत हेच तपासायचं असतं. मग कार्डाची ६ किंवा ८ पिनी वीज. बायोसच्या वेळी कीबोर्ड मरत असेल तर मागच्या बाजूच्या काळ्या यूएसबी २ पोर्टात लावा आणि फास्ट बूट बंद करा. १६ जीबी रॅमपैकी ८ च दिसत असेल तर एकेक काडी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये वेगवेगळी तपासा. सोनेरी टोकं मऊ पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, चुरा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर शेवटचा हात त्याचा.

हार्डवेअर की विंडोज, हा वाद मिटवायचा असेल तर उबंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स प्रणालीचा) लाइव्ह पेन ड्राइव्ह करून त्यावरून पीसी सुरू करा, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. तिथं उपकरण दिसलं तर दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा. तिथल्या कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींत साटासाठी एक ओळ कधीकधी सापडते: ‘लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट’. इतक्या सौजन्यानं तक्रार करणारी प्रणाली दुसरी नाही. तुमच्या पीसीवर, सकाळी गार असताना, हीच ओळ हार्ड डिस्कच्या पोर्टापुढे दिसली, तर डिस्क उशिरा उठते याचा लेखी पुरावा समजा.

मग डिस्क बदलावी का

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये परत जा. ०५ ही ओळ बदलून दिलेल्या सेक्टरांची (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा ठेवायचा छोटा खण), सी५ वाचता न आलेल्या आणि निर्णय बाकी असलेल्या सेक्टरांची, ०ए पुन्हा फिरायचा प्रयत्न करावा लागल्याची. सी५ शून्याच्या वर असेल किंवा ०५ आठवड्यागणिक वाढत असेल तर दुकानदार बरोबर आहे. ०ए वाढत असेल तर मोटर किंवा तिची वीज. एसएमपीएस बदलूनही वाढतच राहिला तर मोटर. तिन्ही शून्य आणि फक्त सी७ वाढतोय, तर डिस्क चांगली आहे, केबल टाका.

सकाळी सुरू करताना कॅबिनेट उघडं ठेवून डिस्कवर बोटं टेकवा. हलकी घरघर जाणवली, म्हणजे थाळ्या फिरतायत. काहीच जाणवलं नाही तर वीज पोचत नाही किंवा मोटर उचलत नाही. त्याच क्षणी दुसरं वीजटोक लावून पाहायचं असेल तर आधी पीसी बंद. टिक-टिक असा ठरावीक ताल ऐकू आला तर तिथंच थांबा: ते हेड जागा शोधत आपटतंय, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नासरशी फोटो परत मिळायची शक्यता कमी होते. अशी डिस्क पुन्हा जोडू नका, फ्रीजमध्ये ठेवायचे वगैरे प्रयोग तर नकोच. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे.

आणि विंडोजनं कधी त्या डिस्कवर ‘इनिशियलाइझ डिस्क’ किंवा ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं, तर रद्द करा. डिस्क अर्धवट उठली असेल तरी विंडोज हेच विचारतं.

हे सगळं तपासण्याआधी, आज दुपारी डिस्क दिसतेय तोवर, फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. १ टीबी भरलेली असेल तर यूएसबी ३ च्या बाहेरच्या डिस्कवर तीन-चार तास लागतील. पीसी झोपू नये म्हणून स्लीप बंद करून ठेवा आणि कॉपी पूर्ण होईपर्यंत रीस्टार्ट करू नका.